थंडीत गुडघे धरतात? सावकाश योगासनं करून बघा



सोलापूरला कसली आलीय थंडी, असं पुण्या-नाशिककडचे पाहुणे आपल्याला हसून म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पण उन्हाळ्यात चाळीस-बेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्या अंगाला डिसेंबरातले बारा-तेरा अंशसुद्धा बोचतात. त्यात घरोघरी शहाबादी फरशी. फजरला उठून वुजूसाठी मोरीत पाऊल टाकलं की गारठा तळव्यातून थेट गुडघ्यात चढतो. वुजू होतो, मुसल्ला अंथरला जातो, आणि पहिल्या सजद्यातून उठताना तोंडातून "या अल्लाह" निघतं ते जरा वेगळ्याच कारणाने.

तीन वर्षांपूर्वी अशाच डिसेंबरात आमच्या सासूबाईंनी नमाजेसाठी प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली. आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. "थंडी आहे तोवर बसते खुर्चीवर," अम्मा म्हणाल्या. थंडी गेली, रमजान झाला, बकरी ईद झाली. खुर्ची जागची हलली नाही. आधी ती नमाजेपुरती होती. मग जेवणही खुर्चीवरच होऊ लागलं. आम्ही सगळे खाली दस्तरखानाभोवती आणि अम्मा वर एकट्या, मांडीवर ताटली घेऊन. मग कुणाच्या घरी लग्न असो की कुराणखानी, "तिथं खाली बसावं लागतं" म्हणून जाणंच बंद झालं. म्हणता म्हणता एका खुर्चीने अम्मांचं निम्मं जग काढून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस सजद्यातून उठताना माझा स्वतःचा हात भिंतीकडे गेला. माझं वय अठ्ठावन्न. त्या दिवशी मी घाबरले. घरात दुसरी खुर्ची यायची वेळ झाली, असं वाटलं.

आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्याला खरंच जमत नाही त्याला बसून, खुर्चीवर, अगदी झोपूनही नमाज पढायची सवलत आहे. त्यात लाज कसलीच नाही. डॉक्टरांनी खाली बसू नका म्हटलं असेल तर बसू नका. मी बोलतेय ते आपल्यासारख्यांबद्दल, ज्यांचे गुडघे अजून पुरते बिघडलेले नाहीत, नुसते हलवले नाहीत म्हणून आखडत चालले आहेत. असे गुडघे वाचवता येतात. आणि त्यासाठी हिवाळा हाच सुरुवात करायचा मोसम आहे.

थंडीत अंग का धरतं?

आपल्या सांध्यांत वंगणासारखा एक द्रव असतो. गारठ्यात तो थोडा दाट होतो. बाटलीतलं खोबरेल थिजतं तसा तो थिजत नाही, पण हालचाल थोडी जड होते खरी. सांध्याभोवतीचे स्नायू ऊब धरून ठेवण्यासाठी आवळून बसतात. त्यातून आपण हलतोही कमी. उन्हाळ्यात पहाटे गच्चीवर फिरणारी माणसं थंडीत गोधडीत शिरून बसतात. तहान लागत नाही म्हणून पाणीही कमी पोटात जातं.

गुडघ्याचा खरा आधार म्हणजे मांडीचा पुढचा मोठा स्नायू. तो वापरला नाही की बारीक होतो. तो बारीक झाला की सगळा भार सांध्यावर पडतो, दुखणं वाढतं. दुखतं म्हणून आपण आणखी कमी हलतो. खुर्ची इथेच घरात शिरते.

आणखी एक. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्तदाब थोडा वाढतो. हृदयविकाराचे झटकेही थंडीत जास्त येतात. म्हणून हिवाळ्यात पहाटे उठून एकदम जोरात व्यायामाला लागणं पन्नाशीच्या पुढच्या माणसाला बरं नव्हे. आधी अंग गरम करायचं, मग सावकाश ताण द्यायचा. यासाठी मला योगासनांइतकं सोयीचं काही सापडलं नाही. मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत, दार लावून घरातल्या घरात होतं.

योगासनं आपल्याला चालतात का?

हा प्रश्न दर हिवाळ्यात मला कुणी ना कुणी विचारतं, बहुतेक वेळा हळू आवाजात. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. मनात शंका असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना जरूर विचारा. मला जे ठाऊक आहे ते सांगते.

इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेपुढे हाच प्रश्न २००९ साली आला होता. मंत्रोच्चार आणि पूजाविधी असलेला योग मुसलमानांनी करू नये, निव्वळ व्यायाम म्हणून केला तर हरकत नाही, असा फरक त्यांनी केला. सौदी अरेबियात २०१७ साली योगाला क्रीडाप्रकार म्हणून शिकवायची परवानगी मिळाली. तिथे त्यासाठी झटणाऱ्या नौफ मरवाई या बाईंना भारत सरकारने २०१८ मध्ये पद्मश्री दिली.

आपल्या लोकांची या विद्येशी ओळख तर फार जुनी. अल-बेरूनीने हजारेक वर्षांपूर्वी पतंजलींचा योगग्रंथ अरबीत नेला. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहम्मद गौस यांनी 'बहरुल हयात' या फारसी ग्रंथात आसनांची आणि श्वासाच्या प्रकारांची माहिती दिली. तानसेनची कबर ज्यांच्या मकबऱ्याशेजारी आहे तेच हे गौस. पुढे शहजादा सलीम, म्हणजे नंतरचा बादशहा जहांगीर, याच्यासाठी या ग्रंथाची आसनांची चित्रं असलेली प्रत तयार झाली. ती आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. आणि इतकं लांब कशाला, करमाळ्याच्या पलीकडे श्रीगोंद्याला शेख महंमदांनी आपल्या मराठीतच 'योगसंग्राम' लिहिला. त्यात आसनं शिकवलेली नाहीत, मनाशी चाललेली लढाई आहे. पण 'योग' या शब्दाला आपली माणसं कधी बिचकली नव्हती, एवढं त्यावरून कळतं.

खाली मी जे प्रकार सांगते आहे त्यांत मंत्र नाही, सूर्याला नमस्कार नाही. अंग ताणायचं, श्वास सावकाश सोडायचा, इतकंच. शशांकासन बघून कुणाला सजदा आठवेल, वज्रासन बघून कायदा आठवेल. शरीर एकच आहे, ते वाकणार तसंच वाकणार. पण नमाज ही इबादत आहे, तिला व्यायाम म्हणू नका. आसन हा व्यायाम आहे, त्याला इबादत करू नका. दोन्ही आपापल्या जागी राहू द्या.

करण्याआधी

वेळ: फजरनंतरची उत्तम. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे नमाजेनंतर हाताशी वेळ राहतो. ज्यांना त्या वेळी स्वयंपाकाची आणि डब्यांची घाई असते त्यांनी असरच्या आधी करावं. नळाला पाणी यायच्या दिवशी सकाळ आपली नसते, हे मला माहीत आहे. त्या दिवशी संध्याकाळी करा, पण बुडवू नका. जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्या.

जागा: उघडी फरशी नको. खाली सतरंजी, तिच्यावर आपली सोलापुरी चादर. मोजे घालून फरशीवर उभं राहू नका, पाय सटकतो. उभ्याचे प्रकार अनवाणी, सतरंजीवर करा.

साहित्य: दोन जाड चादरी, एक उशी, हात नसलेली एक भक्कम खुर्ची. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, लाकडी ठोकळे, खुर्च्या, घोंगड्या यांचा आधार देऊन आजारी आणि वयस्क माणसांकडून आसनं करून घेतली. त्यांची ही पद्धत आता जगभर चालते. आपल्याला सामान विकत आणायचं कारणच नाही. चार घड्या घातलेली सोलापुरी चादर गुडघ्याखाली घ्या, याहून चांगला आधार मिळणार नाही. जी खुर्ची आपल्याला बसवून ठेवते तिलाच आज कामाला लावायचं.

पाणी: आधी अर्धा पेला कोमट पाणी प्या.

वीस मिनिटांचा क्रम

१. पावलं (गोधडीतच). उठायच्या आधी पाठीवर झोपून दोन्ही पावलं दहा वेळा पुढे-मागे करा. मग घोट्यातून पाच वेळा एका बाजूने, पाच वेळा दुसऱ्या बाजूने गोल फिरवा. हाताच्या मुठी दहा वेळा उघडा-मिटा. मग कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मगच उभ्या राहा. थंडीत झटक्यात उठल्याने चक्कर येऊन पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

२. अर्ध पवनमुक्तासन. सतरंजीवर पाठीवर झोपा. उजवा पाय दुमडा, मांडीच्या मागून दोन्ही हातांनी धरा आणि श्वास सोडत पोटाकडे आणा. तीन सावकाश श्वास तिथेच थांबा. मग डावा पाय. प्रत्येकी तीन वेळा. गुडघ्यावर हात ठेवून दाबू नका. कंबर मोकळी होते, पोटातला वायूही सुटतो.

३. सेतुबंधासन. पाठीवरच, दोन्ही गुडघे दुमडलेले, पावलं जमिनीवर. श्वास घेत कंबर वीतभर उचला, दोन श्वास थांबा, सोडत खाली आणा. पाच वेळा. मांडीचा मागचा भाग आणि नितंब यांना बळ येतं. मान वळवू नका, नजर छताकडे.

४. मार्जारासन. गुडघ्याखाली घडीची चादर घेऊन मांजरासारखं चार पायांवर या. श्वास सोडत पाठ वर फुगवा, घेत हलकेच खाली सोडा. आठ वेळा. मनगट दुखत असेल तर तळव्याऐवजी कोपर उशीवर टेका. गुडघे टेकवतच नसतील तर उभं राहून टेबलावर हात ठेवूनही होतं.

५. शशांकासन. वज्रासनात बसा, पण टाचा आणि नितंब यांच्यामध्ये जाड चादरीची घडी ठेवा. त्यामुळे गुडघा पुरता दुमडावा लागत नाही. श्वास सोडत पुढे वाका आणि कपाळ समोरच्या उशीवर टेका. पाच श्वास. दर आठवड्याला चादरीची एक घडी कमी करत जा. कधी पूर्ण खाली बसता येईल याची घाई नको. एक घडी कमी झाली की तेवढं मिळवलं. ज्यांना वज्रासन जमत नाही त्यांनी खुर्चीवर बसून समोरच्या पलंगावर हात पसरून डोकं टेकावं.

६. खुर्चीवरून उठ-बस. सगळ्यांत महत्त्वाचा प्रकार हाच, एरवी काही जमलं नाही तरी हा करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला बसा, पावलं गुडघ्यांच्या खाली. हात छातीवर दुमडा, श्वास सोडत उभ्या राहा, श्वास घेत सावकाश बसा. धपकन बसू नका, बसताना मोजा: एक, दोन, तीन. सुरुवातीला पाच वेळा, महिनाभरात दहा. हात न टेकता उठता येत नसेल तर मांडीवर हात ठेवून उठा. मांडीचा तो मोठा स्नायू यानेच भरतो.

७. ताडासन. भिंतीजवळ उभ्या राहा. एक हात खुर्चीच्या पाठीवर. दुसरा हात वर ताणा, टाचा हळूच उचला, दोन श्वास, खाली. दोन्ही बाजूंनी चार-चार वेळा. तोल सांभाळायला शिकवणारा हा प्रकार आहे. म्हातारपणी माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं, ते अनेकदा तोल गेल्यानेच.

८. मान आणि खांदे. खुर्चीवर ताठ बसा. खांदे कानांपर्यंत उचला, सोडा, पाच वेळा. खांदे मागून गोल फिरवा, पाच वेळा. मान उजवीकडे, मध्ये, डावीकडे. मान पूर्ण गोल फिरवू नका.

९. श्वास. खुर्चीवर किंवा मांडी घालून बसा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. दहा वेळा. नाकातून घेतलेली हवा छातीत पोहोचेपर्यंत ऊबदार आणि ओलसर होते, म्हणून थंडीत तोंडाने श्वास घेऊ नये. मग जमल्यास भ्रामरी: ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुण आवाज, पाच वेळा. श्वास कोंडून ठेवायचा नाही.

१०. शवासन. शेवटी दुसरी चादर अंगावर घेऊन तीन-चार मिनिटं पाठीवर निवांत पडा, गुडघ्याखाली उशी. थंडीत पांघरूण घ्याच, नाहीतर गरम झालेलं अंग पुन्हा आखडतं.

पहिल्या आठवड्यात १, २, ६ आणि ९ एवढेच करा. मग दर आठवड्याला दोन प्रकार वाढवा.

सूप आणि माग

आपल्या शहरात अनेक घरांत मांडीवर सूप असतं. हजार विड्या वळायच्या म्हणजे तासन् तास मान खाली, पाठ वाकलेली, बोटं चालू आणि पाय एकाच जागी. थंडीत तर उन्हाचा तुकडा शोधून बायका ओट्यावर ओळीने बसतात, पण बसण्याची रीत तीच. या बहिणींना माझं एकच सांगणं आहे. शंभर विड्या झाल्या की सूप खाली ठेवा. खांद्याचा आठव्या क्रमांकाचा प्रकार करा, बोटं पूर्ण ताणून पाच वेळा उघडा-मिटा, मनगट फिरवा, उठून दहा पावलं चाला. दोन मिनिटं जातील. तेवढ्याने मजुरी बुडत नाही, आणि संध्याकाळी मान वर करताना कळ येणार नाही. श्वासाचा प्रकार तंबाखूच्या धुळीत करू नका. सूप आवरून, तोंड-हात धुऊन, उघड्या हवेत करा.

मागावर काम करणाऱ्या भावांचं उलट. त्यांना बसायलाच मिळत नाही. पोटऱ्या दगडासारख्या होतात. त्यांनी घरी आल्यावर पाठीवर झोपून पाय भिंतीला उभे टेकवून पाच मिनिटं पडावं, आणि मग २ आणि ३ क्रमांकाचे प्रकार करावेत. रक्तदाब किंवा डोळ्यांत काचबिंदू असेल तर पाय उशीइतकेच वर घ्यावेत.

कुणी जपून करावं?

मी डॉक्टर नाही. पंचवीस वर्षं शाळेत मुलींना कवायत आणि आसनं शिकवली, तेवढाच माझा अधिकार. म्हणून हे नीट वाचा.

रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. श्वास रोखू नये, कपालभातीसारखे जोराचे प्रकार करू नयेत, डोकं छातीच्या खाली नेऊ नये. काचबिंदू असणाऱ्यांनीही डोकं खाली नेऊ नये, शशांकासनात दोन उशा घ्याव्यात. मधुमेहाची इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर अगदी उपाशीपोटी करू नये, जवळ गूळ-साखर ठेवावी. गरोदर बहिणींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काही नवीन सुरू करू नये. ज्यांना दमा आहे त्यांनी पहाटेच्या गारठ्यात बाहेर न करता खोलीत करावं आणि पंप जवळ ठेवावा. गुडघा सुजलेला, लाल, गरम असेल तर व्यायाम थांबवून आधी दाखवून घ्यावं.

ताण जाणवला तर हरकत नाही. टोचल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबा. आणि छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकाएकी दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं यांपैकी काही झालं तर तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा.

हे कशासाठी?

जरा हिशोब करू. दिवसाच्या पाच वेळच्या फर्ज रकाती सतरा. प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे चौतीस. सुन्नती धरल्या तर आणखी. रमजानात वीस रकात तरावीहचे चाळीस सजदे वरून. आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत चाललाय. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धातला, २०३० मध्ये तो ऐन जानेवारीत सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षं सहरी, फजर आणि तरावीह थंडीत असणार. तरावीहच्या पहिल्या रात्री गुडघे कुरकुरतात तेव्हा उपाय करायला उशीर झालेला असतो. म्हणून सुरुवात आजच करा.

पण हे फक्त नमाजेपुरतं नाही. नातवाला जमिनीवर बसून खेळवणं, दस्तरखानावर सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून जेवणं, मय्यतीच्या घरी दुखात असलेल्या बाईशेजारी खाली जाऊन बसणं. आपलं सगळं जगणं जमिनीजवळचं आहे. जमीन सुटली की माणूस घरात असून पाहुण्यासारखा होतो. अम्मांचं तेच झालं होतं.

अम्मांची खुर्ची

गेल्या हिवाळ्यात मी स्वतःसाठी सतरंजी अंथरली तेव्हा अम्मा पलंगावरून बघत होत्या. आठवडाभर नुसत्या बघत होत्या. मग एक दिवस म्हणाल्या, "हे पावलं हलवायचं मला पण जमेल की." तिथून सुरुवात झाली. पलंगावर पावलं, मुठी, श्वास. महिन्याने खुर्चीवरून उठ-बस. पहिल्या दिवशी दोन वेळा झाली आणि अम्मा दमून हसायला लागल्या. नातू मोजायला बसायचा. पाचाच्या पुढे गेल्या की टाळ्या.

अम्मांचे गुडघे बरे झाले असं मी सांगणार नाही. झीज झाली आहे, ती भरून येत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या नमाज खुर्चीवरच पढतात. पण खुर्चीवरून उठायला आता त्यांना कुणाचा हात लागत नाही. बकरी ईदला दस्तरखान अंथरला, तेव्हा अम्मांनी दोन चादरींच्या घड्या एकावर एक मागवून घेतल्या, खुर्चीचा आधार घेत हळूहळू खाली आल्या आणि सगळ्यांत बसून जेवल्या. उठताना नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनीही त्याचा गवगवा केला नाही.

माझं म्हणाल तर, सजद्यातून उठताना माझा हात भिंतीकडे जायचा थांबलाय. या डिसेंबरात अजून तरी नाही गेला. अल्हम्दुलिल्लाह.

उद्या फजरनंतर मुसल्ला घडी घालून ठेवायच्या आधी शेजारी सतरंजी अंथरा. घरातल्या एका वयस्क माणसाला हाक मारून जवळ बसवा. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं बघितलं तरी चालेल.

पुढच्या महिन्यात थंडीतला खोकला आणि घरातला धूर यांबद्दल बोलू.

खुदा हाफिज.